नग एक, जुना पण चालू

नात मला बोटाला धरून शाळेत घेऊन गेली तेव्हा मला वाटलं, पोरीला आजोबांचं कौतुक आहे, वर्गात मिरवायचं असेल. म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा पुसला आणि वाटेत भेटलेल्या दोघांना, त्यांनी विचारलं नसताना, "जरा शाळेत जाऊन येतो, बोलावलंय," असंही सांगून टाकलं. बोलावलं कुणीच नव्हतं. दुसरीच्या वर्गात पोचलो तर प्रत्येक पोराच्या हातात काही ना काही. कुणाकडे रिकामी बाटली, कुणाकडे बुटांचा खोका, एकाकडे बंद पडलेलं घड्याळ, एकीकडे कान तुटलेला कप. शाळेनं आदल्या दिवशी पालकांना चिठ्ठी पाठवली होती. मला ती घरात कुणी दाखवली नव्हती. फळ्याशेजारी तिची प्रत चिकटवलेली होती, ती मी उभ्या उभ्या वाचली: 'प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण या उपक्रमासाठी घरात वापरात नसलेली, नुसती पडून असलेली एखादी वस्तू विद्यार्थ्यासोबत पाठवावी.'

"तू काय आणलंस गं?" बाईंनी नातीला विचारलं.

"आजोबा," ती म्हणाली.

वर्ग हसला. हसू दे. लहान पोरं आहेत. पण मी विचारतो, आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला माणूस दुपारी जेवून तासभर आडवा झाला, तर त्याला 'पडून असणं' म्हणतात का? त्याला विश्रांती म्हणतात. चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत जुन्या कागदपत्रांची खोली सांभाळली. एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. घरी येऊन मी सरळ चौकशी लावली, की हे पोरीच्या डोक्यात कुणी भरवलं? मुलानं वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. सुनेला गॅसवर काहीतरी ठेवल्याची एकदम आठवण झाली. आमची ही मात्र शांतपणे म्हणाली, "लहान लेकरू आहे. जे दिसलं ते बोललं."

असो. सांगायचं ते वेगळंच आहे. वर्गातल्या बाई वयानं लहान पण भलत्या हुशार. क्षणभर बावचळल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं आजोबा, तुम्हीच आलात." आणि मला बाजूला घेऊन त्यांनी नातीची गणिताची वही उघडली. पानभर लाल फुल्या.

"बघा ना. साध्या बेरजा सगळ्या बरोबर. पण जिथे हातचा येतो तिथे चुकते. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिते, आणि हातचा एक पुढे मिळवतच नाही. दर वेळी बरोब्बर दहानं चूक. किती समजावलं! महिनाअखेर चाचणी आहे. त्यात जमलं नाही तर मला तिला जादा तासाला बसवावं लागेल."

"मग बसवा की," मी म्हणालो.

"जादा तास खेळाच्या तासाला असतो."

माझं बोट धरलेली मूठ एकदम घट्ट झाली. आमची नात म्हणजे भिंगरी आहे. तिला खाऊ नका देऊ, नवा फ्रॉक नका देऊ, पण खेळाचा तास काढून घेतलात तर ती वाळून जाईल. गणिताच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायचं, ते का, हे मला त्या मुठीवरून कळलं. मी तिथल्या तिथे, वर्गासमोर, शब्द देऊन बसलो: "जादा तासाला तू बसायचं नाहीस. हातचा मी शिकवतो." आ बैल मला मार म्हणतात ते हेच.

बाईंना तेवढंच हवं होतं. तीन आठवड्यांनी शिक्षण खात्यातले एक साहेब 'कृतीतून शिक्षण' बघायला वर्गावर येणार होते. बाईंना बेरजेसाठी लाकडी काड्या हव्या होत्या. एक काडी म्हणजे एकक, दहा काड्यांची जुडी म्हणजे दशक. एकक दहा झाले की पोरांनी आपल्या हातानं जुडी बांधायची आणि दशकाच्या घरात सरकवायची. तोच हातचा. आठ गटांना मिळून सहाशे ऐंशी काड्या. "तुम्ही एवढे गठ्ठे बांधलेत आयुष्यभर," बाई म्हणाल्या, "तुमच्या डाव्या हातचा मळ." या वाक्यावर मी भाळलो, हे कबूल करतो.

बाहेरच्या माणसाला वर्गात यायचं तर परवानगी लागते, म्हणून मी शाळेच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं वही उघडली आणि म्हणाला, "तुमची नोंद झालीये की." वही होती 'जमा साहित्य' नावाची. बाईंनी पाठवलेल्या यादीवरून त्यानं मुकाट्यानं सगळं उतरवून काढलं होतं. सोळावर 'कप, कान तुटलेला'. सतरावर 'आजोबा. नग एक. जुना, पण चालू.'

"अहो, हे खोडा!" मी ओरडलो.

"जमा झालेली वस्तू खोडता येत नाही, काका. एक तर परत केल्याची पावती लागते, नाही तर मोडीत काढल्याचा ठराव."

आणि दुर्दैव बघा, त्याचं बरोबर होतं. चौतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. परत गेलो असं लिहून घेतलं तर वर्गात येता येईना, आणि मोडीत निघायची माझी तयारी नव्हती. मी नग म्हणून राहिलो. खालच्या रकान्यात त्यानं माझी सहीसुद्धा घेतली.

मग सुरू झाले सल्ले. आमच्या इमारतीत सल्ला द्यायला माणसं टपलेली असतात. वरच्या मजल्यावरचे विमावाले जिन्यात अडवून म्हणाले, "काड्या? कुसळ घुसलं एखाद्याच्या बोटात तर? बिया घ्या." समोरच्या दारात शिकवणी घेणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, "बिया नाकात घालतात पोरं. मणी घ्या." विमावाले म्हणाले, "मणी गिळतात." शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हत्या काड्या न् बिड्या. छडी होती एक, तेवढीत भागायचं." दोघांचं तिथेच जुंपलं. मी मधल्यामध्ये उभा, हातात दुधाची पिशवी. दूध नासलं.

शेवटी सुताराकडे गेलो. सुतार चांगला माणूस, फक्त त्याच्या 'परवा'चा आणि आपल्या परवाचा काही संबंध नसतो. मी त्याला लांबी सांगितली, जाडी सांगितली, टोकं घासून गोल कर म्हणालो आणि वर, "दहा-दहाच्या जुड्या करून दे," असं बोलून चुकलो. तीन परवा उलटून गेल्यावर तो स्वतः पोतं घेऊन घरी आला. सातशे काड्या, सत्तर जुड्या, एकसारख्या, गुळगुळीत. मी खूश होऊन एक जुडी उचलली. काड्या सुट्या होईनात.

"होणारच नाहीत," सुतार छाती काढून म्हणाला. "पोरांचं काम आहे, पसरतात, हरवतात. म्हणून चांगल्या गोंदानं चिकटवून दिल्यात. हातोडी घाला, नाही सुटायच्या."

माणसानं चांगलं काम केल्यावर त्याच्यावर ओरडायचं तरी कसं? मी ओरडलोच. तो दुखावला. "तुम्हीच म्हणालात जुड्या करा," म्हणाला आणि पाणीही न पिता गेला. आमच्या हिनं मग मलाच ऐकवलं, की गरीब माणसाला तोडून बोलणं शोभतं का या वयात.

गोंद पाण्यात सुटतो, ही अक्कल विमावाल्यांची. दोन बादल्यांत सत्तर जुड्या भिजत घातल्या. घरात बादल्या दोनच. दोन दिवस आमच्याकडे कुणी धड आंघोळ केली नाही. मुलगा ऑफिसला जाताना माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच त्याच्या डोक्यावर गोंद ओतलाय. तिसऱ्या दिवशी काड्या सुटल्या. मग त्या वाळवायला गॅलरीत, पलंगावर, सोफ्यावर, टीव्हीच्या कपाटावर पसरल्या. चुकून कुणी बसलं की कडकन आवाज यायचा. सतरा मोडल्या, त्यातल्या नऊ माझ्याच खाली. उरल्या सहाशे त्र्याऐंशी. गरज सहाशे ऐंशीची. तीन जास्तीच्या निघाल्या तेव्हा आमची ही म्हणाली, "असू देत. माणसानं नेहमी हातचं राखून असावं." हे तिचं आवडतं वाक्य आहे. साखरेचा डबा, नवी चादर, माझ्यावरचं प्रेम, सगळ्याला ती तेच लावते. मी तेव्हा त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

आता जुड्या बांधायच्या कशानं? मी शंभर रबरं घेऊन गेलो तर मुख्याध्यापकांनी ती टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. गेल्या वर्षी एका रबरानं त्यांच्या टकलाचा वेध घेतला होता म्हणे. तेव्हापासून शाळेत रबराला बंदी. सुतळीचे तंतू टोचतात, दोरा बोटाला कापतो. तेव्हा मला माझ्या निवृत्तीच्या दिवसाची आठवण झाली. त्या दिवशी कचेरीनं मला एक घड्याळ दिलं होतं, आणि मी कुणाला न विचारता लाल फितीची तीन रिळं घेतली होती. गठ्ठे बांधायची ती फीत. आयुष्यभर लोक आम्हाला लालफितीवरून टोमणे मारत आले. म्हटलं, घ्या, आता हीच फीत तुमच्या नातवंडांना गणित शिकवेल.

पण दुसरीच्या पोरांना गाठ मारता येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी अख्खा तास गाठीत गेला. दुसऱ्या दिवशी थोडी जमली. तिसऱ्या दिवशी इतकी जमली की पोरांनी दिसेल ते बांधायला घेतलं. दप्तराला बाक बांधला, वेणीला वेणी बांधली, डस्टर खिडकीला बांधलं, आणि बाईंची पर्स खुर्चीला अशी बांधली की घरी जाताना त्या खुर्चीसकट दारापर्यंत गेल्या. हातचा राहिला बाजूला. खरी, पक्की, ओढली की सुटणारी कचेरीतली गाठ एकाच पोरीला आली. आमच्या नातीला. घरी माझ्या शेजारी बसून तिनं पन्नास वेळा सराव केला होता. बाईंनी तिला गाठप्रमुख नेमलं. पोरगी तीन दिवस जमिनीवर नव्हती आणि पोटात दुखल्याचं नाव नाही. पण वहीत बघावं तर बेरजा तशाच, दहानं कमी.

"अगं, हातचा कुठे गेला?" मी विचारायचो.

"आहे," ती म्हणायची.

"मग दिसत का नाही?"

"आहे हो, आजोबा," आणि पळून जायची. मी कपाळाला हात लावून बसायचो.

साहेब आले. सडपातळ, मिशीवाले, हातात छापील तक्ता. मला वर्गाच्या मागच्या बाजूला पोरांच्या बाकावर बसवलं होतं. दुसरीचा बाक म्हणजे गुडघे कानाला लागतात. बाईंनी फळ्यावर लिहिलं, सत्तेचाळीस अधिक अडतीस. आठ गट कामाला लागले. सात काड्या, आठ काड्या, मोजून पंधरा. "आता दहाची जुडी बांधा," बाई म्हणाल्या आणि साहेबांना तक्त्यातला कुठलासा रकाना समजावायला वळल्या. आमची नात गटागटातून फिरून फटाफट गाठी मारू लागली. काय तिचा रुबाब! माझा ऊर भरून आला.

मग मला दिसलं, की गाठ मारून झाल्यावर ती प्रत्येक गटाच्या कानात काहीतरी सांगते आहे. आणि ती बांधलेली जुडी दशकाच्या घरात जायच्या ऐवजी कुणाच्या खिशात जाते आहे, कुणाच्या दप्तरात, कुणाच्या बाकाखाली. मी उठायला गेलो. उठता येईना. माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या बाकाच्या पायाला लाल फितीनं बांधलेल्या होत्या. गाठ उत्तम होती. मी बसल्या जागेवरून "श्शू! श्शू!" केलं, तर पुढच्या पोरानं मागे वळून बोट तोंडावर ठेवलं आणि मलाच गप्प केलं.

"सांगा, उत्तर काय आलं?" बाईंनी हसून विचारलं.

"पंच्याहत्तर!" बत्तीस पोरं एका आवाजात ओरडली.

बाईंचा चेहरा पडला. साहेबांनी स्वतः दोन टेबलांवरच्या काड्या मोजल्या आणि मान हलवली. "बत्तीसपैकी बत्तीस मुलांचं उत्तर एकच, आणि तेही चूक," ते म्हणाले. "साधन अत्यंत प्रभावी आहे." मग त्यांनी साहित्याची वही मागवली. कारकून धावत आला, काड्या मोजल्या गेल्या, ऐंशी कमी भरल्या. वहीवरून बोट फिरवत साहेब सतराव्या नोंदीवर थांबले आणि त्यांनी वर बघितलं.

"हा नग जागेवर आहे," मी हात वर करून म्हणालो. "हलता येत नाही, म्हणून."

अब्रू जायची तेवढी गेली होती. आता पोरीचा खेळाचा तास जाणार, हेच डोक्यात. गेले तीन आठवडे मी धावाधाव केली आणि एका पोरीची चूक बत्तीस पोरांना शिकवून ठेवली. मी दिलेल्या शब्दाची किंमत काय राहिली? मी नातीला जवळ बोलावलं. ती आली. माझा चेहरा बघून तिचे डोळे भरले.

"बाळा," मी म्हणालो, "हातचा कुठे आहे?"

तिनं फ्रॉकच्या खिशातून जुडी काढली. "हा काय."

"खिशात का ठेवलास?"

"आजी सांगते ना, हातचं राखून ठेवावं म्हणून. सगळं खर्च करून टाकू नये. मी सगळ्यांना तेच सांगितलं." आणि ती नाक ओढत पुढे म्हणाली, "मी विसरत नाही हो, आजोबा. मी एकही टाकला नाही. सगळे ठेवलेत."

तिनं गणिताची वही आणली आणि शेवटचं पान उघडलं. पानावर एकाखाली एक, ओळीनं, सुबक अक्षरात एक, एक, एक, एक. ज्या ज्या बेरजेत हातचा आला होता, तो तो तिनं पुढच्या घरात न मिळवता इथे आणून जपून ठेवला होता. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना इतके दिवस वाटलं होतं, पोरगी मागच्या पानावर रेघोट्या मारते. साहेबांनी वाकून मोजले. त्रेसष्ट होते.

"आणि हे कशासाठी ठेवलेस?" साहेबांनी विचारलं.

"लागले तर," ती म्हणाली.

मी आयुष्यभर कागद सांभाळले. माझ्या नोकरीतला एकही कागद इतक्या मायेनं सांभाळलेला नव्हता, आणि हिला आम्ही सगळे विसराळू म्हणत होतो. मला रडू आलं. बुटांच्या नाड्या सुटेपर्यंत मला डोळे पुसायला बाहेरही जाता येत नव्हतं, म्हणून मी रुमाल हातात धरून नुसता बसून होतो.

मग मीच तिला सांगितलं, "हे बघ, साखर राखून ठेवायची. चादर राखून ठेवायची. पण बेरजेतला हातचा लगेच शेजारच्या घरात द्यायचा. तो आपला नसतोच, दशकाचा असतो. आपल्याकडे घटकाभर आलेला असतो."

"दिला तर आपल्याकडे काय राहतं?"

"बरोबर उत्तर राहतं."

तिनं विचार केला, जुडी दशकाच्या घरात ठेवली आणि मोजलं. "पंच्याऐंशी." मग गटागटात फिरून आठही जुड्या वसूल करून आणल्या. काड्या पुऱ्या भरल्या. साहेबांनी तक्त्यात काय लिहिलं ते मला अजून कळलेलं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, की तुमच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना गणिताच्या जवळ फिरकू देऊ नका. घरी येऊन मी निरोप शब्दशः दिला. आमची ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

महिनाअखेर चाचणी झाली. दहा बेरजा, दहाही हातच्याच्या. पेपर घेऊन नात धावत आली आणि मी तो उघडला. पहिल्या नऊ बरोबर! नवाच्या नऊ! दहावी बेरीज होती छप्पन अधिक सत्तावीस. हिनं उत्तर लिहिलं होतं, सातशे तेरा.

खाली बाईंनी लिहिलं होतं: 'दहापैकी नऊ. जादा तासाची गरज नाही. दहाव्याबद्दल तिलाच विचारा.'

"अगं, त्र्याऐंशी येतात," मी म्हणालो. "सातशे तेरा कुठून आणलेस?"

"ते मागच्या पानावरचे हातचे," ती म्हणाली. "त्रेसष्ट. तुम्हीच म्हणालात ना, दशकाला द्यायचे असतात? मग देऊन टाकले सगळे." मी कागदावर मिळवून बघितलं. पाच, दोन, आत्ताचा एक आणि जुने त्रेसष्ट, झाले एकाहत्तर. पुढे एककाचे तीन. सातशे तेरा. चूक काढायला जागा नव्हती.

"पण एवढे दिवस जपलेस, आणि एका बेरजेत संपवलेस?"

"नुसतेच पडून होते ना," ती म्हणाली, आणि माझं बोट धरून ओढायला लागली. "चला, आजोबा. बाईंनी तुम्हाला बोलावलंय. उद्यापासून वजाबाकी."